सलग तीन दिवस

खाट क्रमांक सतरा तिने स्वतःच निवडली होती. निवारागृहाची तपासणी करताना तीन रहिवाशांशी बोलायचं आणि ते कोण हे तिथल्या लोकांना आधी कळू द्यायचं नाही, असा खात्याचा दंडक होता. म्हणून ती नोंदवही उघडायची, नावांवर तळहात ठेवून फक्त खाटांच्या आकड्यांवर नजर फिरवायची आणि मनात येईल त्या आकड्याला बोलावणं पाठवायची. बावीसचा म्हातारा येऊन गेला, तीसचा एकेकाळचा स्वयंपाकी येऊन गेला. बरोबरचा कारकून चष्मा कपाळावर सरकवून घड्याळ बघू लागला. ‘सतराला बोलवा,’ ती म्हणाली, आणि पेनाचं टोपण काढून मान वर करते तो दारात तिचा दादा उभा. ओळखायला क्षणही लागला नाही, हेच तिला नंतर कितीतरी दिवस टोचत राहिलं. आठ वर्षांत माणूस बदलतो, तसा तोही बदलला होता. केस पांढरे, गाल आत गेलेले, शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली. पण आत पाऊल टाकण्याआधी थांबून, चौकटीच्या दोन्ही बाजूंना हलकेच बोटं लावून, मग खाली मान घालून आत येण्याची लकब जशीच्या तशी होती. पूर्वी घरात आई त्यावरून त्याला हसायची, चौकट कुठे पळून जात नाही रे, म्हणायची. तो समोरच्या खुर्चीवर बसला. त्याने तिच्याकडे एकदा नीट, शांतपणे पाहिलं, मग तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाला, ‘नमस्कार मॅडम.’

कारकून लिहायला सरसावून बसला होता. तपासणीच्या अर्जात एक्केचाळीस प्रश्न होते आणि ते तिला तोंडपाठ होते, म्हणूनच ते तिच्या तोंडातून निघत राहिले. रात्री झोप लागते का, असं तिने विचारलं. लागते, तो म्हणाला, पंखा आवाज करतो, पण तो आवाज पंख्याचाच असतो. कारकुनाने नुसतं ‘लागते’ लिहिलं. त्या उरलेल्या वाक्यात किती वर्षांची झगडाझगडी होती ते त्या खोलीत फक्त दोघांना कळत होतं. औषधं कोण देतं? सिस्टर देतात, समोर गिळायला लावतात, बरोबरच आहे ते. कोणी ओरडतं, मारतं? सिस्टर ओरडतात, पण सगळ्यांवर सारख्याच. दाराशी उभी असलेली व्यवस्थापिका, जी पूर्वी दवाखान्यात परिचारिका होती आणि म्हणून सगळ्यांची सिस्टरच राहिली होती, ती यावर हसली, कारकूनही हसला, आणि तिलाही हसल्यासारखं करावं लागलं. सामानाला कुलपाची जागा आहे का, बाहेर जाण्यायेण्याला मनाई आहे का, असे प्रश्न एकामागून एक सरले. आपला आवाज आपल्यापासून दोन हात लांब, टेबलाच्या कडेशी कुठेतरी चालू आहे असं तिला वाटत होतं. तो प्रत्येक उत्तर विचार करून, मापून देत होता. लहानपणी तिचा अभ्यास घ्यायचा तेव्हा द्यायचा तसं. मग तो प्रश्न आला.

‘तुमची विचारपूस करायला कोणी येतं का?’

‘नाही,’ तो म्हणाला. ‘त्यांना वेळ होत नसेल. घरात लहान मुलगी आहे त्यांच्या.’

कारकुनाने पेन थांबवलं. ‘म्हणजे नातेवाईक आहेत ना? आहेत लिहू का नाहीत लिहू?’

‘नाहीत लिहा,’ दादा कारकुनाला समजावणीच्या सुरात म्हणाला. ‘आहेत लिहिलं की पत्रं जातात. पत्रं गेली की माणसं घाबरतात. नाहीतच लिहा.’

कारकुनाने ‘नाहीत’ लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिने सही केली. तिची सही लग्नानंतरच्या आडनावाची, लांबलचक, शेवटी एक रेघ मारलेली. ती रेघ मारीपर्यंत तिला म्हणता आलं असतं. दादा, अशी दोन अक्षरंच तर म्हणायची होती. त्याने परत हात जोडले, उठला, चौकटीला बोटं लावली आणि गेला. तिने सिस्टरला फिनाइलचा साठा दाखवायला सांगितलं.

परतताना गाडीत कारकून मुलीच्या शाळेच्या प्रवेशाबद्दल बोलत होता. ती हं हं म्हणत होती आणि तिला दादाची खोली दिसत होती. तो जमीन मोजणीच्या कार्यालयात आरेखक होता. तिरक्या फळीचं मोठं टेबल, बारीक निबांची शाईची पेनं एका ओळीत, आणि त्याच्या नखांत कायम काळी शाई. त्याच्या हातची रेघ केसासारखी असायची. साहेब मंडळी दुसऱ्यांचे नकाशे परत पाठवायची, त्याचे कधीच नाही. सव्विसाव्या वर्षी एका दुपारी तो डबा न उघडता घरी आला आणि म्हणाला, कचेरीतले लोक माझे विचार ट्रेसिंग कागदावर उतरवून घेतात. आईला वाटलं, कोणीतरी त्याचे नकाशे चोरले. ती कचेरीत जाऊन साहेबांशी भांडूनही आली. बिचारी. तिथून पुढची वीस वर्षं म्हणजे आई आणि तो. आई म्हणजे त्याची औषधं, त्याच्या वेळा, त्याच्याशी भांडण आणि त्याची समजूत. आणि ती, धाकटी, लग्न करून तीन गल्ल्या पलीकडे, सणासुदीची पाहुणी. आई गेली तेव्हा तो दहा दिवस रडला नाही, आणि अकराव्या दिवशी एक पिशवी घेऊन तिच्या दारात उभा राहिला. नवऱ्याने पुढच्या खोलीत त्याची खाट घातली. पहिले काही महिने सुरळीत गेले. मग औषधं उशीखाली साचू लागली, दिव्यांची बटणं उचकटली जाऊ लागली, नळाला कान लावून तो तासन्‌तास बसू लागला. एका दुपारी ती कामावरून आली तर मुलगी बाथरूममध्ये कोंडलेली, बाहेरून कडी, आणि दादा दाराला पाठ लावून बसलेला. घरात विषारी वारा शिरलाय, आत ती सुरक्षित आहे, तो म्हणाला. किती वेळ? दोन तास. अकरा वर्षांची पोर. त्या संध्याकाळी नवरा चढ्या आवाजात बोलला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, ‘तू ठरव. पण आज ठरव.’

तिने ठरवलं. दवाखान्यात सहा आठवडे झाले, त्याचे डोळे निवळले, तो परत पूर्वीसारखा मापून बोलू लागला, आणि एक तरुण डॉक्टरीण तिच्यापुढे कागद घेऊन बसली. रुग्ण घरी जाऊ शकतो, नातेवाईक सांभाळण्यास समर्थ की असमर्थ, एकावर खूण करा. तिने ‘असमर्थ’वर खूण केली. डॉक्टरीण म्हणाली, हे तात्पुरतं असतं, पुढे बदलता येतं. त्याला दुसऱ्या शहरातल्या निवासगृहात पाठवलं. ती एकदाच गेली होती तिथे, बसने चार तास. फाटकाच्या गजांमधून तिला तो दिसला, अंगणात दोरीवरच्या चादरी काढून घडी घालत होता, दुसऱ्या एका माणसाबरोबर, कोपऱ्याला कोपरा जुळवून. छान दिसत होता. आपण आत गेलो तर तो पिशवी भरायला लागेल, असं तिच्या मनात आलं, आणि ती तशीच मागे फिरली. पुढच्या वर्षी पत्र आलं की सदर व्यक्ती निघून गेली आहे, शोध घेऊनही आढळत नाही. दोन ओळी. ते पत्र तिने कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं आणि काही महिन्यांनी, कोणालाच का ते न सांगता, या खात्यात बदली मागून घेतली. लोकांना वाटलं, बाईंना सेवेची ओढ आहे. दर निवारागृहाच्या नोंदवहीत पहिल्या वर्षी ती त्याचं नाव शोधायची. दुसऱ्या वर्षी नुसतीच नजर टाकायची. मग नावांवर तळहात ठेवायची सवय लागली, आणि तो दंडकच आहे असं ती स्वतःला सांगू लागली.

आणि खात्याच्या नियमांतलं एक कलमही तिचंच होतं. दोन वर्षांपूर्वी खात्याने अशा माणसांसाठी, ज्यांना मनाचा मोठा आजार आहे आणि डोक्यावर छप्पर नाही, सेवेची किमान मानकं ठरवायला घेतली. बैठका महिनोन्‌महिने चालल्या. दोन खाटांत अंतर किती, वीस माणसांमागे परिचारिका किती, दाराला कडी आतून असावी, औषधाची सक्ती कशाला म्हणायचं, एकेका शब्दावर वाद. रहिवासी न सांगता गेला तर खाट किती दिवस राखून ठेवायची, हा प्रश्न आला तेव्हा दवाखान्यातला एक जुना मानसोपचारतज्ज्ञ म्हणाला, महिनाभर ठेवा, ही माणसं जात नाहीत, आजार त्यांना घेऊन जातो, परत येतात तेव्हा जागा हवी. तेव्हा ती बोलली. तिच्याजवळ आकडे होते. खाटा चाळीस आणि बाहेर थांबलेले शंभरावर. एक रिकामी खाट राखायची म्हणजे पुलाखाली झोपलेल्या एकाला तिथेच राहू द्यायचं, असं ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. ‘सलग तीन दिवस गैरहजर राहिल्यास खाट रिकामी समजावी.’ वाक्य तिनेच रचलं. सचिवांनी मान डोलावली, नेमकं लिहिता तुम्ही, असं म्हणाले. तो मानसोपचारतज्ज्ञ बैठक संपल्यावर जिन्यात तिला म्हणाला होता, बाई, तुमच्या घरी कोणी आहे का असं? नाही, ती म्हणाली होती. इतक्या पटकन, की तो तसाच जिना उतरून गेला.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. अहवाल लिहायचा होता. तिसऱ्या दिवशीही गेली नाही. भेटून पहिलं वाक्य काय बोलायचं ते जुळत नव्हतं. भाजी चिरताना, फायलींवर शिक्के मारताना, सिग्नलला थांबली असताना ती वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक वाक्य ‘मी’पासून सुरू होत होतं. घरी तिने काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती एकटीच निवारागृहात गेली. सतरा नंबरच्या खाटेवर एक जाडगेला माणूस भिंतीकडे तोंड करून झोपला होता. तिने सिस्टरला विचारलं. सिस्टरने सांगितलं ते असं, की तुम्ही आलात त्याच संध्याकाळी तो गेला. चादरीची घडी घातली, उशीवर ठेवली, औषधं मात्र नेली नाहीत. तो दिवस धरून तीन दिवस वाट पाहिली, आज सकाळी नवा माणूस आला. ‘तुमचंच कलम, मॅडम,’ सिस्टर म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती, नुसती माहिती होती.

‘तो माझा भाऊ आहे,’ ती म्हणाली.

सिस्टरने कोपऱ्यातली खुर्ची ओढली, तिला बसवलं आणि स्वतः टेबलाला टेकून उभी राहिली. ‘मला आत्ता कळलं,’ ती म्हणाली. ‘तुम्ही गेल्यावर तो माझ्याकडे आला होता. तपासणीच्या अधिकाऱ्याचं माणूसच निवाऱ्यात राहतं असं निघालं, तर त्या अधिकाऱ्याची नोकरी जाते का, असं विचारत होता. मी म्हटलं, असं काही नसतं, तुला कुठून सुचतं हे. त्याने मान हलवली. मला वाटलं, पटलं त्याला.’

खोलीत फिनाइलचा वास होता. पलीकडे कोणीतरी भांडी विसळत होतं. तिला रडू आलं नाही. फक्त आपल्याला उठून बाहेर जायचं आहे हे तिला स्वतःला पुनःपुन्हा सांगावं लागलं.

घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं, मुलीच्या समोरच. नवरा वर्तमानपत्र वाचत होता. त्याने ते घडी करून ठेवलं, बूट घातले आणि दारात उभा राहिला, चल म्हणून. आठ वर्षांत त्या दोघांमध्ये तो विषय निघाला नव्हता, आणि त्याने बूट घातले हे पाहून तिला कळलं की त्याच्याही मनात तो तितकाच रुतून बसलाय. मुलगी मात्र उठली नाही. आता एकोणीस वर्षांची, आईपेक्षा उंच. तिने विचारलं, मामाला का पाठवलंत तेव्हा? माझ्यासाठी ना? तिने हो म्हटलं. ‘तो दोन तास दाराबाहेर बसून मला गोष्ट सांगत होता,’ मुलगी म्हणाली. ‘एका माणसाची, जो गावाचा नकाशा काढतो आणि त्यात एक घर जास्तीचं काढतो. मी आत बादलीवर बसून ऐकत होते. मला भीती वाटलीच नव्हती, आई. तू आलीस आणि किंचाळलीस ना, तेव्हा वाटली.’ हे तू आधी का नाही बोललीस, असं तिच्या ओठांवर आलं. अकरा वर्षांच्या मुलीला कोणी विचारलं होतं?

मग शोध. तिने रजा टाकली. फिरत्या पथकातली एक बाई होती, रस्त्यावरच्या माणसांना गाठून औषधं देणारी, तोंडाने फटकळ आणि पायाला भिंगरी लावलेली. ती बरोबर आली. बसस्थानकाच्या मागची बाजू, दवाखान्याचा बाह्यरुग्ण विभाग, अग्निशामक केंद्राची भिंत, वाचनालयाच्या पायऱ्या. तिच्या अहवालांतून ही सगळी ठिकाणं होती, ‘संभाव्य जागा’ या मथळ्याखाली. आता तिथे माणसं होती. पुठ्ठ्यावर नीट रांगेत चपला ठेवलेला एकजण. आपल्या सावलीशी तावातावाने भांडणारी एक बाई, जिला पथकवालीने नावाने हाक मारली तशी ती लाजून हसली. एकाने तिला ओळखलं. तुम्ही आमच्या निवाऱ्यात आला होतात ना तपासायला, तो म्हणाला, मी दवाखान्यात चार दिवस होतो, परत आलो तर खाट गेली होती. कोणाकडे तक्रार करायची? तिने त्याला ऑफिसचा पत्ता लिहून दिला आणि कागद देताना तिला स्वतःच्या अक्षराची किळस आली. नवरा रोज कामावरून सुटून येत होता आणि एक जुना फोटो लोकांना दाखवत होता. फोटोत दादा तिशीचा, काळ्याभोर केसांचा. त्यावरून कोण ओळखणार होतं? पण दुसरा फोटो नव्हता. तीन आठवड्यांनी पथकवाली तिला म्हणाली, ‘ताई, तो या शहरात नाही. असता तर मला दिसला असता. तुम्ही आता घरी जा आणि जेवा.’

ती घरी गेली नाही, कचेरीत गेली. मानकांच्या फेरविचाराची बैठक लावून घेतली आणि सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं. आकडे नाही, नुसतं सांगितलं. माझा भाऊ सतरा नंबरला होता. मी त्याला ओळख दिली नाही. माझी अडचण होऊ नये म्हणून तो निघून गेला आणि मी चौथ्या दिवशी पोहोचले. कोणी खाली बघत होतं, कोणी पेनाशी चाळा करत होतं. जुना मानसोपचारतज्ज्ञ निवृत्त झाला होता, त्याची खुर्ची दुसऱ्या कोणाला मिळाली होती. बाहेर थांबलेल्या शंभरांचं काय, हा तिचाच प्रश्न एकाने तिला विचारला. खाटा वाढवा, इतकंच ती म्हणाली. शेवटी तीनचे पंधरा दिवस झाले, आणि खाट काढून घेण्याआधी शोध घेतल्याची नोंद करावी, असं एक वाक्य वाढलं. खाटा वाढल्या नाहीत. संध्याकाळी ती रिकाम्या सभागृहात बसून राहिली. जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं.

सात महिने गेले. एका दुपारी कचेरीत फोन आला. कुठल्यातरी लांबच्या शहरातून एक मुलगी बोलत होती, तिथल्या निवारागृहातली समाजसेविका, आवाजावरून नवखी. तुमचे बंधू इथे आहेत, ती म्हणाली, औषधं चालू आहेत, तब्येत बरी आहे. तुम्ही सगळ्या निवारागृहांना कळवलेली शोधनोंद आम्ही वाचली. पण पत्ता देऊ नका, भेटायला कोणी येऊ नका, असं त्यांनी लिहून दिलंय. आणि मॅडम, तुम्हाला माहीतच आहे, रहिवाशाची इच्छा नसेल तर आम्हाला सांगता येत नाही. हो, माहीत आहे, ती म्हणाली. ते मानक चांगलं होतं. त्याच्या बाजूने तिने स्वतः हात वर केला होता. मग ती मुलगी जरा घुटमळून म्हणाली, मी त्यांना विचारलं, निदान फोनवर? ते बोलणार नाहीत म्हणाले. पण तुम्ही बोललात तर ऐकतील. इथेच बसलेत. देऊ का?

तिने कारकुनाकडे पाहिलं. तो उठून बाहेर गेला आणि दार ओढून घेतलं. पलीकडे रिसीव्हर हातातून हातात गेल्याची खरखर झाली, मग श्वास. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तिला आठवलं नाही. दादा, ती म्हणाली. मग तिने घरातलं सांगायला सुरुवात केली. मुलगी उंच झालीय, वास्तुरचना शिकते, तिच्या टेबलावर पेनांचा नुसता पसारा असतो. नवऱ्याच्या गुडघ्याचं दुखणं, पण ऐकत नाही, जिने चढतो. स्वयंपाकघराला रंग दिला, पिवळा, चुकलाच जरा, डोळ्यांवर येतो. खालच्या मजल्यावरचे गेले, त्यांच्या जागी दोघं म्हातारी आलीत, दिवसभर रेडिओ लावतात आणि एकमेकांना तो बंद करायला सांगतात. ती बोलत गेली. मध्ये थांबायची भीती वाटत होती, थांबलं की फोन ठेवला जाईल असं वाटत होतं. आईची तिला कितीदा आठवण येते ते तिने सांगितलं. आपण भ्याड आहोत, असं सांगितलं. तू कोणाची अडचण नाहीस, असं म्हणून ती थांबली आणि तिने कान लावला. श्वासही येत नव्हता.

‘दादा?’

‘मॅडम,’ त्या मुलीचा आवाज आला, हळू, ओशाळलेला. ‘ते मघाशीच उठून गेले. तुम्ही रेडिओचं सांगत होतात तेव्हा.’

‘मी तेव्हाच सांगणार होते,’ मुलगी म्हणाली, ‘पण जाताना त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ठेवू नका. तिचं बोलून होऊ दे.’

तिने फोन कानाशी तसाच घट्ट धरला. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती. तिचं काहीच झालेलं नव्हतं. ‘तुम्हाला वेळ आहे का?’ तिने त्या अनोळखी मुलीला विचारलं, आणि मुलगी हो म्हणाल्यावर ती पुढे सांगू लागली.